जुन्या ट्रकला हॅन्डब्रेकचा लाल दिवा बसवताना

माझ्या ट्रकचा हॅन्डब्रेक मागच्या चाकांवर काम करत नाही. त्याचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशी आहे, जिथून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब फिरता शाफ्ट, निघतो तिथे. जुन्या ट्रकांमध्ये आणि जीपांमध्ये ही रचना बरीच दिसते. उभ्या गाडीला ती फार चांगली. शाफ्टवर लावलेला जोर डिफरन्शियलमधून (शाफ्टचं फिरणं दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या संचातून) चाकापर्यंत पोचताना काही पटींनी वाढतो, त्यामुळे लहानसा ड्रमही भरलेला ट्रक चढावर धरून ठेवतो. गाडी चालू लागली की हेच गणित उलटं फिरतं. माझ्या मागच्या एक्सलचं गुणोत्तर ४.५६ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे साडेचार फेरे होतात. टायरचा व्यास ८० सेंटिमीटर धरला तर ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ३३० फेरे घेतं आणि शाफ्ट १५००. त्या वेगाने फिरणाऱ्या ड्रमला शू, म्हणजे ब्रेक लावताना ड्रमवर दाबले जाणारे भाग, नुसते टेकलेले राहिले तरी थोड्याच अंतरात सगळं भाजून निघतं.

ते भाजून निघालेलं मी पाहिलं होतं. ट्रक माझ्याकडे आल्यावर ड्रम उघडला तेव्हा आतल्या बाजूला निळसर डाग होते, शूवरचे घासणारे पट्टे, म्हणजे लायनर, जळून गुळगुळीत झाले होते आणि शेजारचं ऑइल सील कडक होऊन त्यातून गिअरबॉक्सचं तेल पाझरत होतं. ट्रक कधीतरी हॅन्डब्रेक अर्धवट ओढलेल्या स्थितीत बराच चालला असणार. दोष चालवणाऱ्याचा म्हणावा असंही नाही. दांडा दोन सीटांच्या मधे खाली आहे, पूर्ण खाली असताना आणि त्याला अडकवून धरणाऱ्या दातेरी रॅचेटच्या एका दातावर असताना त्यात जेमतेम बोटभर फरक दिसतो. इंजिनाला ताकद भरपूर, त्यामुळे गाडी ओढते आहे हे लवकर जाणवत नाही. वास यायला लागतो तोवर व्हायचं ते झालेलं असतं.

नवे लायनर आणि नवं सील बसवल्यावर मी ठरवलं की आता इथे दिवा हवा. ट्रक बनला तेव्हा त्यात असा दिवा नव्हता, त्यामुळे सगळं शून्यातूनच करायचं होतं. दोन अटी आधीच घालून घेतल्या. पहिली, मूळ पत्र्याला एकही नवं भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला सगळं काढून ट्रक होता तसा करायचा असेल तर करता आला पाहिजे. दुसरी अट जास्त महत्त्वाची: दिवा विझलेला दिसला की ब्रेक सुटलेला आहे, असं डोळे झाकून म्हणता आलं पाहिजे. विझलेल्या दिव्याचा अर्थ ‘बल्ब उडालाय’ किंवा ‘वायर तुटलीय’ असाही होऊ शकत असेल, तर असा दिवा नसलेला बरा. दिवा नसेल तर माणूस निदान दांड्याकडे बघतो.

सर्किट तसं साधं आहे. चावीच्या स्विचमधून फ्यूज, फ्यूजमधून बल्ब, बल्बमधून एकच वायर खाली दांड्याजवळच्या स्विचला, आणि स्विचच्या अंगातूनच अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगातून बॅटरीकडे परतीचा रस्ता. स्विच बल्बच्या अलीकडे न घेता पलीकडे, अर्थच्या बाजूला घ्यायचा. असं करण्यामागे एक चांगलं कारण आहे. खाली जाणारी वायर कुठे घासली आणि तिचं तांबं बॉडीला लागलं, तर ना शॉर्ट होतो ना फ्यूज उडतो, फक्त दिवा लागून राहतो. म्हणजे बिघाड झालाच तर तो इशाऱ्याच्या बाजूने होतो. याच वायरीत बल्बच्या आधीचं १२ व्होल्ट खेळवलं असतं तर केबिनच्या तळाशी, चिखलापाण्यात, कायम ठिणगीची भीती राहिली असती.

पण यासाठी बल्बचा होल्डर योग्य लागतो. जुन्या डॅशबोर्डमधले बहुतेक होल्डर एका वायरीचे असतात, दुसरं टोक होल्डरच्या पत्र्यातून डॅशबोर्डला आपोआप अर्थ होतं. काट्यांमागच्या उजेडासाठी ते ठीक आहे. इथे तसा होल्डर लावला तर चावी फिरवल्यापासून दिवा जळतच राहील, स्विच असला काय नि नसला काय. त्यामुळे दोन्ही टोकं अंगापासून वेगळी असलेला, दोन वायरींचा होल्डर घ्यावा लागतो. विकत घेतलेला होल्डर मी बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासला: बल्ब काढून, दोन्ही टर्मिनल आणि बाहेरचा पत्रा यांच्यात कुठेच जोड नाही ना, ते पाहिलं.

बल्ब घेतला १२ व्होल्ट, २ वॅटचा, पिनवाला. त्याला करंट लागतो सुमारे ०.१७ अँपिअर. इथे मीटर लावणाऱ्याचा एक गोंधळ होतो, म्हणून सांगते. ०.१७ अँपिअरवरून हिशेब केला तर बल्बचा रोध सुमारे ७० ओहम यायला हवा, पण थंड बल्बला मीटर लावलं तर त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आकडा दिसतो. बल्ब खराब नाही. फिलामेंट तापलं की त्याचा रोध तितका वाढतो. एलईडीचाही विचार केला होता. दिवसा एलईडी जास्त ठळक दिसतो हे खरं. पण पांढरा एलईडी लाल काचेमागे फिका गुलाबी दिसतो, त्यामुळे लालच घ्यावा लागतो. त्याला उलटसुलट चालत नाही. आणि स्विचवर ओल धरली तर गळणाऱ्या जराशा करंटवरही तो मंद उजळलेला राहतो. ज्या दिव्याचं विझणं शंभर टक्के खरं हवं आहे, तिथे मला असला मंद उजेड नको होता. साध्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढली. आधी अर्थची काढायची आणि शेवटी तीच लावायची, कारण दुसऱ्या टर्मिनलवर पाना फिरवताना तो बॉडीला टेकला तरी मग काही होत नाही. तुमचा ट्रक फार जुना असेल तर बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते आधी बघा. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कित्येक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. साध्या बल्बला आणि स्विचला दिशा कळत नाही, पण एलईडीला, आणि आत डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचला, कळते. माझा ट्रक १२ व्होल्टचा, निगेटिव्ह अर्थचा आहे.

आणखी एक सावधगिरी, ही शाफ्टवर हॅन्डब्रेक असलेल्या प्रत्येकासाठी आहे. मागचं एकच चाक जॅकवर उचललंत तर हा ब्रेक गाडी धरून ठेवत नाही. शाफ्ट अडलेला असला तरी डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक एका दिशेला आणि जमिनीवरचं चाक दुसऱ्या दिशेला फिरू शकतं, आणि गाडी जॅकवरून सरकते. मी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतला, गिअर न्यूट्रलला टाकला आणि मगच खाली शिरले.

तसं उचलल्यामुळे एक गोष्ट हाताने तपासता आली, आणि ती या कामाचा पाया ठरली. शाफ्ट हाताने फिरवत दादाला केबिनमधून दांडा एकेक दात वर घ्यायला सांगितला. पहिल्या दातावर शाफ्ट मोकळा फिरत होता, दुसऱ्यावर शू टेकल्याचं हाताला कळत होतं. म्हणजे दिवा पहिल्या दातावरच लागला पाहिजे, ब्रेक टेकायच्या आधी. दुसऱ्या-तिसऱ्या दातावर लागणारा दिवा इथे निरुपयोगी. गाडी अर्धवट ब्रेकवर चालवली जाते ती नेमकी याच पहिल्या एक-दोन दातांत. पूर्ण ओढलेल्या ब्रेकवर कुणी निघायला गेलं तर इंजिन बंद पडून त्याला कळतंच.

स्विच घेतला तो गाडीच्या दारात असतो तसा, दट्ट्या असलेला. दट्ट्या दाबला की जोड तुटते, सोडला की आतली स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते आणि वायर स्विचच्या अंगातून अर्थ होते. दांडा पूर्ण खाली बसला की त्याने दट्ट्या दाबून ठेवायचा. वर उचलला की सोडायचा.

तो बसवायचा कुठे, यात मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. केबिनच्या तळाच्या पत्र्यावर, दांड्याच्या खाचेशेजारी स्विच लावणं सर्वांत सोपं होतं. वरून हात पोचतो, पाणी कमी लागतं. पण माझ्या ट्रकमध्ये दांडा केबिनला बसवलेला नाही. तो गिअरबॉक्सच्या बाजूला बोल्टने धरलेला आहे आणि तळाच्या खाचेतून वर येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर आहेत. ॲक्सिलरेटर दाबला, गिअर बदलला की ते अख्खं धूड केबिनच्या मानाने थोडं हलतं. स्विच केबिनवर आणि दांडा गिअरबॉक्सवर असता तर दोघांमधलं अंतर प्रत्येक गचक्याला बदललं असतं आणि दिवा रस्ताभर लुकलुकत राहिला असता. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे माणूस चार दिवसांत बघणं सोडून देतो. म्हणून स्विचही गिअरबॉक्सवरच, दांडा ज्याला धरला आहे त्याच बोल्टांवर.

दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा एक ब्रॅकेट वाकवून घेतला. दांड्याच्या दोन मूळ बोल्टांखाली तो बसतो, त्यामुळे नवं भोक लागलं नाही. बोल्ट तेवढ्या जाडीने लांब घेतले. स्विचसाठी गोल भोक न ठेवता लांबट खाच ठेवली, म्हणजे पुढेमागे करायला जागा राहते.

स्विच दांड्याच्या खिळीपासून किती लांब असावा याचा हिशेब आधीच करून ठेवला होता. माझ्या रॅचेटचा एक दात म्हणजे दांड्याचं जवळपास ५ अंशांचं फिरणं. खिळीपासून १५ मिलिमीटरवर स्विच लावला तर एका दातात तिथला भाग जेमतेम १.३ मिलिमीटर सरकतो. तेवढ्यात स्विचने खात्रीने जोड करावी अशी अपेक्षा धरणं धोक्याचं. तोच ६० मिलिमीटरवर लावला तर एका दातात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरक मिळते. मग सेटिंगला श्वास घ्यायला जागा मिळते: दांडा पूर्ण खाली असताना, जोड तुटते त्या बिंदूच्या पुढे आणखी सुमारे २ मिलिमीटर दट्ट्या दाबलेला ठेवला. खड्ड्यात दांडा थरथरला तरी तेवढ्यात दिवा लागत नाही, आणि पहिल्या दातावर गेला की उरलेल्या ३ मिलिमीटरमध्ये नक्की लागतो.

सेटिंग करताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. दांड्याने खाली आपल्या स्वतःच्या टेकूवर टेकलं पाहिजे, स्विचवर नाही. स्विचच टेकू झाला तर घाईत आपटलेला दांडा त्याला काही महिन्यांत ठेचून टाकेल. आणि स्विचची स्प्रिंग इतकी कडक नको की तिनेच दांडा किंचित वर उचलून धरावा. मी मीटर बझरवर ठेवून, एक टोक स्विचच्या टर्मिनलला आणि दुसरं त्याच्या अंगाला लावून दांडा पुन्हा पुन्हा वरखाली करून पाहिला. पहिल्या दाताचा खटका आणि मीटरचा आवाज जवळजवळ एकत्र यायला लागले तेव्हा नट आवळला आणि दुसरा नट वरून लॉक म्हणून बसवला. दट्ट्यावर रबरी टोपी चढवली, कारण ही जागा पाण्याची आहे.

आता अर्थ. स्विच ब्रॅकेटवर, ब्रॅकेट गिअरबॉक्सवर, गिअरबॉक्स इंजिनवर आणि इंजिन रबरांवर. म्हणजे करंटला बॅटरीपर्यंत जायचा रस्ता एकच, इंजिनाची अर्थची पट्टी. आणि वाटेत गंज, रंग आणि तेलाचा थर. तात्पुरत्या वायरीने दिवा जोडून मी मीटरचं एक टोक स्विचच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. दिवा चालू असताना १.१ व्होल्ट दिसलं. इतक्या लहान करंटला हे फार झालं. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो: व्होल्टेज ९ टक्के पडलं की पाव हिश्शाहून जास्त उजेड जातो. शिवाय आज १.१ असलेला आकडा पावसाळ्यानंतर ३ होईल. त्यामुळे बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, आणि ब्रॅकेटपासून चॅसीवरच्या अर्थच्या बोल्टापर्यंत स्वतंत्र वायर टाकली. वर गंज धरू नये म्हणून ग्रीस. नंतर मोजलं तर ०.०२ व्होल्ट. जुन्या गाडीच्या विजेच्या तक्रारी बघायला मला कुणी बोलावलं तर आता मी सगळ्यात आधी अर्थच मोजते, आणि तेही ओहमवर नाही, दिवा जळत असताना व्होल्टवर. करंट वाहत असतानाच खराब जोड स्वतःला उघड करते.

चावीकडून वीज कुठून घ्यायची हाही विचार करण्यासारखा भाग होता. चावी फिरवल्यावर वीज येते अशा जागा डॅशबोर्डखाली बऱ्याच सापडतात, पण सगळ्या चालत नाहीत. इग्निशन कॉइलला जाणारी वायर जवळ होती. तिच्यात रेझिस्टर असतो, त्याच्या पुढे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. काही जुन्या गाड्यांत पेट्रोलच्या काट्याला बायमेटलच्या स्टॅबिलायझरमधून (काट्यासाठी व्होल्टेज कमी आणि स्थिर ठेवणाऱ्या भागातून) वीज मिळते. त्याच्या पुढे घेतलेला दिवा मंद आणि थरथरता जळतो. ॲक्सेसरीचं टर्मिनल भरवशाचं वाटतं, पण सेल्फ मारताना चावीचा स्विच बहुतेक गाड्यांत तेच बंद करतो. मला दिवा नेमका सेल्फ मारताना जळायला हवा होता, कारण पुढे सांगते. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि दादाला चावी फिरवायला लावून टेस्ट लॅम्पने एकेक टर्मिनल बघितलं. इग्निशनच्या मुख्य टर्मिनलवर सेल्फ फिरत असतानाही वीज राहते, ती घेतली. तिथून लगेच ३ अँपिअरचा फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो वायरीच्या सुरुवातीला हवा.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली. करंटच्या हिशेबाने याहून खूप बारीकही चालली असती, पण बारीक वायर ओढताना, वाकताना तुटते. जुन्या हार्नेसच्या कडेकडेने ती नेली, पण त्या हार्नेसला फारसं हलवलं नाही. जुनं कापडी आवरण आणि त्याच्या आतलं रबर इतकं कडक झालेलं असतं की वाकवलं की तडे जातात. पेडलच्या दांड्यांपासून आणि स्टिअरिंगच्या शाफ्टपासून दूर, दर वीतभर अंतरावर बांधून, पत्र्याच्या भोकातल्या असलेल्याच रबरी ग्रोमेटमधून खाली. सायलेन्सरच्या पाइपची बाजू टाळली. केबिनमधून गिअरबॉक्सवर जाताना एक सैल वळसा ठेवला, कारण तिथे दोन्ही भाग एकमेकांच्या मानाने हलतात. टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवले, सोल्डर केले नाहीत. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तो भाग ताठ होतो आणि कंपनांमुळे बरोबर त्याच्या कडेला तारा तुटतात.

आता ते सेल्फचं. दुसरी अट पुरी करायची तर दिव्याने रोज स्वतःची हजेरी द्यायला हवी. दांडा ओढून ट्रक उभा केला असेल तर चावी फिरवताच दिवा लागतो आणि हजेरी होते; त्यामुळे वेगळी सोय कशाला, असं म्हणणारे मला भेटले आहेत. पण मी ट्रक बरेच दिवस उभा ठेवताना हॅन्डब्रेक लावत नाही. ओलीत लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. तेव्हा गिअरमध्ये टाकून चाकांना ठोकळे लावते. अशा वेळी निघताना दांडा खालीच असतो, दिवा विझलेलाच असतो, आणि बल्ब जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. पुढे बनलेल्या अनेक गाड्यांत चावीच्या स्विचलाच एक जादा टर्मिनल असतं, ते सेल्फच्या वेळी दिव्याची वायर अर्थ करतं. माझ्या स्विचला ते नाही. म्हणून रिले.

चार पायांचा साधा रिले. ८५ आणि ८६ या पायांमध्ये कॉइल असते: ८६ ला सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फची वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) जाणारी चावीची वायर, ८५ अर्थ. ३० ला दिव्याची वायर आणि ८७ अर्थ. सेल्फ मारला की रिले ओढतो आणि दिव्याची वायर अर्थ होते. चावी सोडली की सुटतो. कॉइलच्या दोन टोकांमध्ये डायोड असलेला रिले घेतला, म्हणजे सुटताना तयार होणारा व्होल्टेजचा झटका चावीच्या जुन्या संपर्कांवर जात नाही. सेल्फ फिरताना बॅटरी ९-१० व्होल्टपर्यंत उतरते, त्यामुळे दिवा थोडा मंद दिसतो. रिले मात्र तेवढ्यावर व्यवस्थित ओढतो.

रिलेची ३० नंबरची वायर कुठे जोडायची, यात सगळ्यात मोठा फरक पडतो. बल्बच्या मागेच जोडली तर काम दहा मिनिटांचं. पण मग सेल्फच्या वेळी फक्त फ्यूज आणि बल्ब तपासले जातात. डॅशबोर्डपासून गिअरबॉक्सपर्यंतची वायर, जी तुटायची शक्यता सगळ्यात जास्त, ती तपासातून सुटते. ती तुटलेली असली तरी सेल्फ मारताना दिवा मोठ्या दिमाखाने लागेल आणि दांडा ओढल्यावर लागणार नाही. म्हणून मी ३० ची वायर वेगळी खालपर्यंत नेली आणि स्विचच्या टर्मिनलवर, दिव्याच्या वायरीशेजारी जोडली. आता सेल्फच्या वेळी करंट फ्यूज, बल्ब आणि खाली जाणारी अख्खी वायर पार करून मगच रिलेतून अर्थला जातो. यातला कुठलाही दुवा तुटला तर सेल्फ मारताना दिवा लागणार नाही. उरले स्विचचे आतले संपर्क आणि त्याचा अर्थ. ते दांडा ओढला की आपोआप तपासले जातात. म्हणून निघण्याआधी दांडा एकदा वर घेऊन, दिवा बघून मग खाली सोडायचा, हे मी आणि दादाने पक्कं ठरवून टाकलं आहे.

ब्रेक ऑइलची पातळी दाखवणारा तरंगता स्विचही याच दिव्याला जोडता आला असता. कित्येक गाड्यांत एकच लाल दिवा हॅन्डब्रेक, ऑइलची पातळी आणि दोन ब्रेक सर्किटांच्या दाबातला फरक, असं सगळं सांगतो. माझ्या ट्रकचं हायड्रॉलिक सर्किट एकच आहे. त्यात गळती झाली तर पायाखालचा ब्रेकच जातो. तो इशारा हॅन्डब्रेकच्या रोजच्या लागण्या-विझण्यात मिसळलेला मला नको आहे. त्याला स्वतंत्र दिवा लावेन.

दिवा स्पीडोमीटरच्या शेजारी, डॅशबोर्डच्या खालच्या कडेच्या दोन मूळ स्क्रूंवर लहान पट्टी अडकवून बसवला. काच लाल, पैलू पाडलेली. दुपारचं ऊन समोरून आलं की साधा बल्ब दिसेनासा होतो, म्हणून काचेभोवती बोटाच्या पेराएवढी काळी नळी लावली. तेवढ्या सावलीने फार फरक पडतो. लुकलुकणारा करावा असंही एकदा मनात आलं होतं. पण इंडिकेटरचा तापून चालणारा जुना फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बांसाठी बनलेला असतो, २ वॅटच्या बल्बवर तो हलतच नाही; आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावायचा तर साखळीत आणखी एक बिघडणारी वस्तू वाढते. स्थिर दिवा नजरेच्या टप्प्यात असेल तर पुरतो.

बॅटरी जोडली. चावी फिरवली, दांडा खाली: दिवा बंद. पहिला दात: चालू. खाली: बंद. सेल्फ: चालू. मग मुद्दाम एकेक जोड काढून पाहिली. स्विचवरून दिव्याची वायर काढली, सेल्फला दिवा लागला नाही. फ्यूज काढला, लागला नाही. स्विचजवळ दिव्याची वायर बॉडीला टेकवली, तर फ्यूज न उडता दिवा नुसता लागून राहिला. प्रत्येक बिघाड एकतर दिवा लावून किंवा हजेरी चुकवून स्वतःला दाखवत होता. मला हेच हवं होतं.

एक गोष्ट हा दिवा सांगू शकत नाही. तो दांड्याची जागा बघतो, शूची नाही. दांडा खाली गेला पण दांडा आणि ब्रेक यांच्या मधला रॉड किंवा त्याच्या पिना जाम असतील तर शू ड्रमला चिकटलेलेच राहतात आणि दिवा मात्र विझतो. त्याला वायरिंगमध्ये उपाय नाही, खालीच काम करावं लागतं. रॉडच्या दोन्ही टोकांच्या पिना काढल्या. एक तर इतकी गंजली होती की ठोकून काढावी लागली. नव्या पिना ग्रीस लावून बसवल्या, तरफेची खीळ साफ केली आणि ब्रॅकेटच्या एका टोकाला अडकवून रॉडला परत ओढणारी स्प्रिंग लावली. त्यानंतर शाफ्ट पुन्हा हाताने फिरवला आणि दादाला दांडा पूर्ण ओढून सोडायला लावला. दांडा खाली टेकला, वर दिवा विझल्याचं दादाने ओरडून सांगितलं, आणि त्याच क्षणी शाफ्ट हातात मोकळा झाला.